मनासाठी वेगळी खिडकी कशाला?

मराठीत ‘हाय खाणे’ असा एक वाक्प्रचार आहे. धाकट्याचा धंदा बुडाला आणि थोरल्याने हाय खाल्ली. लेक गेली आणि आईने अंथरूण धरले. कोर्टाचे समन्स आले आणि म्हाताऱ्याने असा धसका घेतला, की तो पुन्हा उठलाच नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात अशा हकिगती पुष्कळ असत. त्यांना वैद्यकशास्त्र कुणी शिकवले नव्हते. पण मनाला बसलेला मार शरीराला उभे राहू देत नाही, एवढे त्यांना चुलीपुढे बसून समजलेले होते. पुढे आपण शिकलो. रक्त, लघवी, ईसीजी, सोनोग्राफी असे वेगवेगळे लिफाफे घेऊन दवाखान्यात जाऊ लागलो. आणि हाय खाल्लेला माणूस यातल्या कोणत्या लिफाफ्यात ठेवायचा, हे मात्र आपल्याला कळेनासे झाले.

खरे तर मन दुखते म्हणून डॉक्टरकडे जाणारा माणूस आपल्याकडे विरळाच. तो सांगतो ते शरीराच्या भाषेत. डोके जड असते, छातीत धडधडते, हातपाय गळून जातात, घास घशाखाली उतरत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. बाईमाणूस असेल तर ‘अंगात कसकस’ आणि ‘कंबर धरलीय’ एवढ्यावरच सगळे भागवते. डॉक्टर तपासण्या लिहून देतात, त्या चांगल्या येतात आणि मग ते सुप्रसिद्ध वाक्य कानी पडते : ‘‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही.’’ डॉक्टरांनी दिलासा म्हणून उच्चारलेले हे वाक्य रोग्याच्या कानी आरोप होऊन पोचते. म्हणजे आपण सोंग करतो आहोत काय? रात्ररात्र छातीवर हात ठेवून बसतो ते खोटे? मग तो दुसरा डॉक्टर गाठतो, तिसरा गाठतो, आणि फाईल तेवढी जाड होत जाते.

याच्या उलट टोकाला ज्यांचा शरीराचा आजार अगदी खरा, कागदोपत्री सिद्ध झालेला आहे, असे रोगी असतात. त्यांच्या मनाची चौकशी तर त्याहून कमी होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस, मधुमेही, क्षयरोगाची औषधे घेणारा, नुकतीच बाळंत झालेली मुलगी, केमोथेरपीची तिसरी फेरी संपवून आलेली बाई. यांना ‘काय खाता?’ हा प्रश्न सगळे विचारतात. ‘कसे आहात?’ हा प्रश्न विचारला जातो तो उत्तर ऐकण्यासाठी नव्हे.

आजीचे शहाणपण आणि आकडे

आजीच्या ‘हाय’ला आता आकड्यांचा आधार मिळाला आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात नॅन्सी फ्रेजर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २२२ रोग्यांचा मागोवा घेतला. १९९३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना रुग्णालयात असताना तीव्र नैराश्य होते, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांहून काही पटींनी अधिक आढळले. आणि हृदयाला किती इजा झाली होती हे हिशेबात धरूनही हा फरक उरलाच. मधुमेही माणसांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट असते, हेही अनेक पाहण्यांतून दिसले आहे. आपल्या देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दिला. तेव्हा हा काही मूठभर हळव्या लोकांचा प्रश्न नव्हे.

यामागची कार्यकारणाची साखळीही फारशी गूढ नाही. मन खचलेला माणूस गोळ्या चुकवतो. सकाळी फिरायला जायचे त्याच्या जिवावर येते. पथ्य कशासाठी पाळायचे, हा प्रश्न त्याला खराच पडतो. साखर वाढते. साखर वाढली की डॉक्टर रागावतात, घरचे रागावतात, आणि तो आणखी खचतो. पुढच्या वेळी डॉक्टर गोळीची मात्रा वाढवतात. ज्या गोळ्या तो घेतच नाही, त्यांची मात्रा वाढते!

माझ्या ओळखीत असे एक गृहस्थ होते. आमच्याच बँकेत हेड कॅशियर. लाखो रुपये मोजताना ज्यांचा हात कधी कापला नाही, असा माणूस. झटका आला, वेळेवर उपचार झाले, एका मोठ्या रुग्णालयातून ते सुखरूप घरी आले. बरोबर आहाराचा छापील तक्ता होता, गोळ्यांचे वेळापत्रक होते, पुढच्या तपासणीची तारीख होती. महिना झाला तरी गृहस्थ पलंगावरून उतरेनात. सगळे अहवाल उत्तम. घरचे म्हणत, आळस अंगात भिनला. त्यांचे जुने फॅमिली डॉक्टर एके संध्याकाळी सहज घरी आले, खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले आणि म्हणाले, ‘‘भीती कसली वाटते तेवढं सांगा.’’ त्यावर गृहस्थ रडले. जिना चढलो तर हृदय बंद पडेल आणि झोपलो तर उठणारच नाही, या भीतीने त्यांनी महिनाभर धड झोप घेतली नव्हती. घरच्यांना सांगायची लाज वाटत होती. आणि रुग्णालयात कुणी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्यांच्याबरोबर एक मजला उतरले आणि चढले. मध्येच थांबून नाडी पाहून म्हणाले, ‘‘बघा, चालू आहे.’’ पुढे मानसोपचारतज्ज्ञांचाही सल्ला घेतला, काही महिने औषध झाले. पण पहिली पायरी त्या खुर्चीने ओलांडली होती.

टोकन घेऊन बसलेला माणूस

बँकेत उमेदवारी सुरू केली तेव्हा चेक वटवायचा म्हणजे एक यात्रा असे. एका खिडकीत चेक द्यायचा, पितळेचे टोकन घ्यायचे, लेजरवर नोंद होऊन, अधिकाऱ्याची सही होऊन कॅशियर नंबर पुकारीपर्यंत बाकावर बसायचे. ठेवीची चौकशी दुसऱ्या खिडकीत, ड्राफ्ट तिसऱ्या. पुढे ‘सिंगल विंडो’ आली. खिडक्या निरनिराळ्या असल्या तरी खातेदार एकच असतो, हे आम्हा बँकवाल्यांना उमगायला बरीच वर्षे लागली.

आपली रुग्णालये अजून टोकनच्या काळात आहेत. साखर एका खिडकीत, हृदय दुसऱ्या, मूत्रपिंड तिसऱ्या, आणि मन? मनाची खिडकी इमारतीच्या पार मागच्या बाजूला, आणि तिथे जाताना कुणी पाहील म्हणून माणूस जातच नाही. एके काळी तर ती गावाबाहेरच असे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली मनोरुग्णालये ब्रिटिशांच्या काळापासूनची. साध्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असावा, ही कल्पना आपल्या देशात १९३३ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात गिरींद्रशेखर बोस यांनी प्रत्यक्षात आणली. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी तसाच विभाग सुरू केला. ती एक मोठी सुधारणा होती. पण मनाचा विभाग आवारात येऊनही बाकीच्या विभागांनी मनाकडे पाहायचे नाही, असाच जणू करार झाला.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर दहा प्रौढांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. लाख लोकसंख्येमागे पुरता एक मानसोपचारतज्ज्ञही आपल्या वाट्याला येत नाही. तेव्हा सगळ्यांना त्या एका खिडकीपुढे उभे करून रांग सरकणार नाही, हे सांगायला बँकवाला नको. ज्या खिडकीवर रोगी आधीच उभा आहे, तिथेच त्याची दखल घेतली गेली पाहिजे.

दोन मिनिटांची गोष्ट

‘‘वेळ कुठून आणायचा?’’ हा डॉक्टरांचा सवाल अगदी रास्त आहे. सरकारी बाह्यरुग्ण विभागात टेबलावर दीडशे केसपेपर पडलेले असताना मनमोकळ्या गप्पांचा उपदेश करणे सोपे असते. पण या वेळेचा हिशेबही कुणीतरी घड्याळ लावून करून ठेवला आहे. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की रोगी आपली तक्रार सांगू लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला अडवतात. मग न अडवता ऐकले तर माणूस किती वेळ बोलेल? स्वित्झर्लंडमधील बाझल इथल्या रुग्णालयात हेही मोजले गेले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३३५ रोगी होते. त्यांचे बोलणे सरासरी ९२ सेकंदांत संपले, आणि १०० पैकी ७८ जण दोन मिनिटांच्या आत थांबले. घाबरण्यासारखे त्यात काही नव्हते.

शब्दांचीही किंमत मोजली गेली आहे आणि आयुष्यभर शब्दांशी झटणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचे विशेष अप्रूप वाटते. तपासणी संपताना ‘‘आणखी काही नाही ना?’’ असे विचारले की रोगी मान हलवतो आणि उठतो. त्याऐवजी ‘‘आणखी काय सांगायचं राहिलं?’’ असे विचारले की तो पुन्हा बसतो. इंग्रजीतील अशाच दोन प्रश्नांची तुलना अमेरिकेत जॉन हेरिटेज यांनी केली. २००७ मध्ये त्यांनी दाखवले, की दुसऱ्या धाटणीचा प्रश्न विचारल्यावर रोग्याच्या मनातच राहून जाणाऱ्या तक्रारी सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्या. एका शब्दाचा फरक आणि खर्च शून्य!

नैराश्य हुडकण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली २००१ पासून रूढ आहे. तिच्यातले पहिले दोन प्रश्न कुठल्याही डॉक्टरला किंवा परिचारिकेला विचारता येतील असे आहेत. गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटले का? आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींत गोडी वाटेनाशी झाली का? दोहोंपैकी एकाचे उत्तर ‘बहुतेक दिवस’ असे आले, की पुढची चौकशी करायची. जीव नकोसा होतो का, हेही त्याच शांतपणे विचारायचे. असे विचारल्याने नसती कल्पना डोक्यात भरते, हा समज खरा नाही. उलट, मनात कोंडलेले ते ओझे कुणीतरी हातात घेतले म्हणून माणसाला हलके वाटते.

आणि औषध द्यायचे ठरले तर दोन वाक्ये अधिक सांगायची. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, बेचैनी होऊ शकते. एवढे न सांगितल्यामुळे कितीतरी जण चौथ्या दिवशी ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून गोळ्या बंद करतात. न विचारता-सांगता महिनोन् महिने झोपेची गोळी देत राहणे हा तर चौकशी टाळण्याचाच एक मार्ग आहे.

‘त्यांना सांगू नका’

मराठी घरात कर्करोगाचे निदान झाले की पहिली कुजबुज डॉक्टरांच्या दाराबाहेर होते : ‘‘डॉक्टर, बाबांना मात्र सांगू नका.’’ यामागची माया खोटी नसते. पण बाबा ज्या इमारतीत रोज जातात तिच्या दारावर काय लिहिले आहे, हे त्यांना वाचता येते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे केस का गेले, हे त्यांना दिसते. त्यांना सगळे कळलेले असते आणि कळल्याचे दाखवायचे नाही हेही कळलेले असते. मग एकाच खोलीत चार माणसे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसतात आणि ज्याला सर्वांत जास्त सोबतीची गरज असते, तो सर्वांत एकटा पडतो.

वाईट बातमी सांगण्याचीही एक रीत आहे, आणि ती शिकता येते. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये तिच्या सहा पायऱ्या मांडल्या. निवांत जागी बसायचे. रोग्याला आधीच काय ठाऊक आहे ते त्याच्याकडून ऐकायचे. त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारायचे. मग सोप्या शब्दांत, थांबत थांबत सांगायचे. त्याचे रडणे, रागावणे, गप्प होणे यांना जागा द्यायची. आणि उठण्यापूर्वी पुढे काय करायचे, ते दोघांनी मिळून ठरवायचे. यात नातेवाइकांच्या विनंतीचाही मान राहतो, कारण ‘किती जाणून घ्यायचे आहे’ हे ठरवतो रोगी. कुणी म्हणेल, माझ्या मुलाशी बोला. त्याचा तोही अधिकारच.

नातेवाइकांना शत्रुपक्ष न मानता मदतीला घेणारे डॉक्टरही आपल्याकडे होऊन गेले. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू उभारले आणि रोग्यांच्या घरच्यांना त्यांच्याबरोबर राहायला बोलावले. आजार काय, त्याच्याशी कसे वागायचे, हे ते सगळ्यांना एकत्र बसवून समजावीत. माणूस बरा होऊन घरी जाई तेव्हा घरही तयार असे.

गोव्यातला धडा

आता डॉक्टरांना खरोखरच सवड नसेल तर काय, याचे उत्तर आपल्या शेजारी गोव्यात मिळाले. तिथे १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली एक मोठा प्रयोग केला. १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने निवडले. निम्म्या ठिकाणी एकेक समुपदेशक नेमला. हे कुणी मानसशास्त्रज्ञ नव्हते. स्थानिक, साधी शिकलेली, सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली माणसे होती. रोग्याला त्याचा त्रास समजावून सांगणे, श्वसनाचे साधे व्यायाम शिकवणे, घरातल्या अडचणींची वाट शोधायला मदत करणे, आला नाही तर निरोप धाडणे, एवढे त्यांचे काम. औषधाचे डॉक्टर पाहत आणि अवघड रोग्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी असे.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत समुपदेशक होते तिथे सहा महिन्यांनी १०० पैकी सुमारे ६६ रोगी बरे झाले. नव्हते तिथे ४२-४३. खासगी दवाखान्यांत मात्र गंमत झाली. समुपदेशक असो वा नसो, दोन्हीकडे १०० पैकी जवळपास ६५ जण बरे झाले होते! कुणी म्हणेल, तिथे प्रयोग फसला. मला त्यात वेगळे दिसते. घरातल्या तीन पिढ्या ओळखणारा, ‘‘सुनेचं काय झालं पुढे?’’ असे विचारणारा फॅमिली डॉक्टर हे काम नाव न देता आधीच करीत असावा. गर्दीच्या सरकारी केंद्रात जे नव्हते ते एका प्रशिक्षित माणसाने भरून काढले. म्हणजे गरज होती ती आपुलकीने चौकशी करणाऱ्या एका ठरावीक माणसाची.

त्याच संस्थेने पुढे १० आरोग्य केंद्रांत, अधिक तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर दुसरा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ भेटी. आणि भर कशावर, तर सुटलेली कामे थोडी थोडी पुन्हा हाती घेण्यावर. मन लागले की काम करीन, असे आपण म्हणतो. इथे सूत्र उलटे होते, काम हाती घे, मन मागून येईल. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी १०० मागे ६४ जण नैराश्यातून बाहेर होते, न मिळालेल्यांत ३९.

हे काम आपल्याकडे कोण करू शकेल? गावात आशाताई आहेत. महाराष्ट्रात शेतकरी-आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यांत २०१५ पासून ‘प्रेरणा’ प्रकल्पात त्यांनी घरोघर अशी चौकशी केलीही आहे. रुग्णालयात परिचारिका आहेत. आणि ज्यांना कुणी गणतीत धरत नाही त्या वॉर्डातल्या मावशी! रात्री दोनला रोग्याच्या उशाशी असते ती मावशीच. ‘बारा नंबर’ न म्हणता नावाने हाक मारणे, सुई टोचण्यापूर्वी सांगणे, अंग पुसताना पडदा ओढणे, खासगी प्रश्न रांगेसमोर मोठ्याने न विचारणे, याला पदवी लागत नाही. मात्र त्या मावशीला, त्या सिस्टरला, ३६-३६ तास जागणाऱ्या निवासी डॉक्टरला स्वतःला कुणी ‘कशी आहेस?’ विचारते का, हेही पाहायला हवे. रिकाम्या तिजोरीतून कर्ज वाटता येत नाही.

वेगळी खिडकी नको, याचा अर्थ तज्ज्ञ नको असा नव्हे. ज्याला भास होतात, ज्याने जीव देण्याचे मनाशी ठरवून ठेवले आहे, जो औषधाने सावरत नाही, त्याला वेळ न दवडता मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलेच पाहिजे. फक्त पाठवताना ‘तुमचं सगळं मनाचं आहे’ असे म्हणून झटकून टाकायचे नाही. ‘‘तुमचा त्रास खरा आहे. यातले जाणकार माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना दाखवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मला भेटा,’’ असे म्हणायचे. या शेवटच्या पाच शब्दांत रोग्याला धीर असतो.

कायदा आता रोग्याच्या बाजूला आला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला आणि शरीराच्या आजाराप्रमाणे मनाच्या आजारालाही विमा द्यावा, असे कंपन्यांना बजावले. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालायचे आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची, असेही त्यात आहे. तेव्हा अपघात विभागात अशा मुलीशी गुन्हेगारासारखे बोलण्याचा अधिकार कुणालाच नाही. २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात संवाद आणि वर्तन हा विषय रीतसर शिकवला जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही आणि विनामूल्य आहे. हा क्रमांक घरातल्या दूधवाल्या-गॅसवाल्याच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवावा.

राहता राहिलो आपण, रोगी आणि रोग्याच्या घरचे. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक कागद न्यावा. झोप किती लागते, जेवण जाते का, कशाची भीती वाटते, कशात मन लागेनासे झाले आहे, हे त्यावर चार ओळींत लिहावे. सांगताना जीभ अडखळली तर कागद पुढे करावा. आईला घेऊन गेला असाल तर पाच मिनिटे तिला डॉक्टरांपाशी एकटी सोडून बाहेर बाकावर बसावे; तुमच्यासमोर ती ‘मी बरी आहे’ असेच सांगणार. आणि डॉक्टरांनी घाईत ‘‘आणखी काही नाही ना?’’ असे विचारलेच, तर सवयीने मान हलवून उठू नये. ‘‘आहे, डॉक्टर. एक सांगायचं राहिलंय,’’ असे म्हणून खुर्चीत बसून राहावे.